‘एकट्याने केलेला अल्बम’ : खोलीचे वर्णन पुरे, श्रेयनामावली छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत इंडी रॉकवर येणारे लेख आणि परीक्षणे आम्ही आवर्जून वाचतो. या संगीताला मराठी वृत्तपत्रात जागा मिळते, याचे आम्हाला मनापासून अप्रूप आहे. मात्र एकाच व्यक्तीने चालवलेल्या रेकॉर्डिंग प्रकल्पाबद्दल लिहिताना लेखणी हमखास एका जागी अडते : बंद खोली, एक गिटार, एक माईक आणि हिवाळाभराचा एकांत. एकांत खराच असतो, पण त्याच्या बळावर कारकीर्द उभी राहत नाही. गाण्याचे थर कोणत्या क्रमाने चढवले, मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याचे काम) कोणी केले, पहिला अल्बम रंगमंचावर कसा नेला आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे राहिली, यावर ती ठरते. यातले फारसे काही छापून येत नाही. लेख वाचून हुरूप आलेली मुले खोलीचे दार लावून घेतात आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापाशी अडकून पडतात. आमची मागणी लहान आहे, ती शेवटी मांडतो.

एकांताच्या कथेत पहिले नाव बॉन इव्हेरचे येते, म्हणून तेच घेऊ. या प्रकल्पामागच्या जस्टिन व्हर्ननने 2006-07च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये राहून ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’चे बहुतेक ध्वनिमुद्रण केले. 2007मध्ये अल्बम स्वतःच काढला आणि 2008मध्ये ‘जॅगजॅगुवार’ या लेबलने (ध्वनिमुद्रण कंपनीने) तो सर्वदूर पोहोचवला. इथवर सगळेच लिहितात. पण त्याच अल्बममध्ये ‘फॉर एमा’ या गाण्यात ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन आहेत, आणि ते दुसऱ्या वादकांनी वाजवलेले आहेत. पुढे गाणी रंगमंचावर न्यायची वेळ आली, तेव्हा शॉन केरी या ड्रमरने अल्बममधले ड्रम आणि वरच्या पट्टीतले जोडगळे (मुख्य गळ्याला साथ देणारे आवाज) स्वतःच बसवले आणि मग तो व्हर्ननकडे गेला. त्या कारकिर्दीचे पहिले वळण केबिनइतकेच या तयारीतही आहे.

टेम इम्पालाचेही तसेच. या नावामागचा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा केव्हिन पार्कर गाणी लिहितो आणि जवळजवळ सगळी वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित करतो. तरीही ‘इनरस्पीकर’ (2010) आणि ‘लोनरिझम’ (2012) या पहिल्या दोन अल्बमांचे मिक्सिंग डेव्ह फ्रिडमनने केले. पार्करने मिक्सिंग आपल्या हाती घेतले ते 2015च्या ‘करंट्स’मध्ये, आणि तेव्हाही मास्टरिंगला (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्याला) ग्रेग कॅल्बीचे कान होते. म्हणजे ‘सगळे एकट्याने’ हे पहिल्या दिवसापासूनचे वास्तव नव्हते. तिथवर पोहोचायला तिसरा अल्बम उजाडावा लागला.

एकट्याने वाजवताना नेमके काय बिघडते, हे आता थोडे खोलात सांगतो.

पहिली अडचण लयीची. बँड एकत्र वाजतो तेव्हा चौघे एकमेकांचे ऐकून लय सांभाळतात. एकट्याला कुठले तरी वाद्य आधी वाजवावेच लागते आणि नवखा माणूस गिटारने सुरुवात करतो, कारण गाणे तिच्यावरच सुचलेले असते. धृपद आले की हात आपोआप पुढे पळतो. नंतर ड्रम वाजवताना तो त्या पळणाऱ्या गिटारचा पाठलाग करतो, आणि पाठलाग करणारा ड्रम ऐकणाऱ्याला कायम मागे पडल्यासारखाच वाटतो. यावर उपाय असा : क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर) एक कच्ची गिटार आणि कच्चा गळा घ्यावा, त्यावर ड्रम, मग बास आणि मग कच्ची गिटार पुसून टाकून ड्रम-बासच्या जोडीने ती नव्याने वाजवावी. ही शेवटची पायरीच बहुतेक जण गाळतात. कच्ची गिटार कानाला सवयीची होते, ‘छान आहे की’ म्हणून ठेवली जाते आणि गाण्याचा पाया कायमचा डळमळीत राहतो. क्लिकमुळे गाणे यंत्रवत वाटत असेल तर क्लिक सोडून देऊ नये. धृपदात मिनिटाला दोन-तीन ठोके वाढवून लयीचा नकाशाच तसा आखावा.

क्लिकची आणखी एक खोड आहे. गाण्याच्या शेवटी अकूस्टिक गिटारचा झंकार विरत जातो, खोली शांत होते आणि हेडफोनमधून झिरपलेली टिकटिक माईकमध्ये स्पष्ट उतरते. मिक्सिंगमध्ये ती काढता येत नाही, कारण ती झंकाराच्या पोटातच बसलेली असते. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन वापरावेत आणि शेवटच्या सुरापाशी क्लिक गप्प होईल अशी सोय टेक घेण्यापूर्वीच करून ठेवावी.

दुसरी अडचण संगणकाच्या विलंबाची. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने या दराने काम चालू असताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा) 128 नमुन्यांचा असेल तर एका दिशेचा विलंब पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास असतो. तो गायकाला जाणवत नाही. बफर 1024चा केला की एका दिशेलाच एकवीस मिलिसेकंद लागतात आणि जाऊन-येऊन चाळिसाच्या वर. मिक्सिंग करताना संगणकावर भार पडतो म्हणून बफर मोठा ठेवतात, ते बरोबरच आहे. घोळ होतो तो नंतर. मिक्स बरेच पुढे गेल्यावर ‘इथे अजून एक जोडगळा हवा’ असे वाटते, माणूस माईकसमोर उभा राहतो आणि बफर 1024वरच असतो. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो, गळा ओढल्यासारखा होतो आणि सूर डळमळतो. दोष आवाजाचा समजून पंचवीस टेक होतात. अशा वेळी इंटरफेसवरचे (माईक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रावरचे) थेट ऐकण्याचे बटण चालू करावे आणि सॉफ्टवेअरमधून परत येणारा तोच आवाज बंद करावा. दोन्ही चालू ठेवले तर आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा येतो.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट आहे आणि ती फक्त एकट्याच्याच वाट्याला येते. तोच हात, तीच गिटार, तोच माईक, खोलीतली तीच खुर्ची. खोलीचा स्वतःचा एक रंग असतो. एका ट्रॅकवर तो कळतही नाही, बारा ट्रॅकांवर तोच रंग बारा वेळा चढतो आणि सगळे मिक्स डब्यातून आल्यासारखे वाटते. मग इक्वलायझरने (वरच्या-खालच्या सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तो पट्टा कापत बसावे लागते, तो कापला की गळाही बोथट होतो. हे आधीच टाळता येते. दोन गिटारी डावी-उजवीकडे ठेवायच्या असतील तर दुसरी वेगळ्या पिकने, कॅपो (पट्टी चढवणारा चिमटा) लावून वरच्या पट्टीत, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वाजवावी. माईक गिटारच्या पोटावरच्या छिद्रासमोर न धरता बाराव्या पडद्याच्या आसपास, वीतभर अंतरावर ठेवला तर घुमारा कमी होतो. ड्रम-बास असलेल्या गाण्यात गिटारचा 80 ते 100 हर्ट्‌झखालचा भाग काढून टाकला तरी काही हरवत नाही. जोडगळ्यांचे थर चढवताना दुसऱ्या थरापासून ‘स’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने मुद्दाम मऊ उच्चारावीत. नाहीतर आठ गळ्यांचा ‘स’ आठ वेगवेगळ्या क्षणी येतो आणि शब्दाच्या टोकाला फुसफुस ऐकू येते.

खोलीबद्दल एक गणितही सांगण्यासारखे आहे. तीन मीटर लांबीच्या खोलीत साधारण 57 हर्ट्‌झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून राहतो, कारण त्याची अर्धी लहर बरोबर तीन मीटर भरते. खोलीच्या मधोमध बसले तर तोच सूर सगळ्यात कमी ऐकू येतो. मिक्स करणारा बिचारा बास वाढवत नेतो आणि तेच गाणे गाडीत लावले की दरवाजे थरथरतात. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे 38 टक्क्यांवर बसून सुरुवात करावी आणि कोपऱ्यांत जाड शोषक ठेवावेत. भिंतीला पातळ फोम चिकटवून खर्जाला काहीही फरक पडत नाही, उलट वरचे सूर तेवढे मरतात आणि खोली आणखी कोंदट वाटते.

हे सगळे संगणकाच्या आधीही होतेच, पण तेव्हा यंत्रच माणसाला आवर घालत असे. 1979मध्ये टास्कॅमचा पोर्टास्टुडिओ 144 आला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरी ध्वनिमुद्रित होऊ लागले. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982चा अल्बम ‘नेब्रास्का’ याच जातीच्या यंत्रावर घरी मुद्रित झाला. तीच गाणी पूर्ण बँडसह करून पाहिली आणि शेवटी कॅसेटच कायम ठेवली गेली. हे यंत्र कॅसेट दुप्पट वेगाने आणि एकाच दिशेने चालवायचे, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटेच मिळत. चारपेक्षा जास्त थर हवे असतील तर तीन ट्रॅक भरायचे, त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. एकदा उतरवले की त्यातला बास कमी-जास्त करता येत नसे, शिवाय प्रत्येक उतरवणीला टेपची खरखर वाढे. म्हणून निर्णय जागच्या जागी घ्यावा लागे. आज ट्रॅकांची गणतीच नसल्यामुळे निर्णय पुढे ढकलले जातात आणि अल्बम वर्षानुवर्षे ‘जवळजवळ तयार’ राहतात. आमच्या मते आज एकट्याने काम करणाऱ्याने सुरुवातीलाच गाण्याला बारा किंवा सोळा ट्रॅकांची मर्यादा घालून घ्यावी आणि ती पाळावी. कोणत्याही महागड्या माईकपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

दुसरा अल्बम ही या कारकिर्दीतली खरी परीक्षा. आयर्न अँड वाइन या नावाने गाणाऱ्या सॅम बीमचा 2002चा पहिला अल्बम घरच्या चार-ट्रॅकवरचा होता. 2004चा दुसरा अल्बम त्याने शिकागोत ब्रायन डेकबरोबर केला. खरखर गेली, बारकावे आले, गळा तसाच कानाजवळ राहिला. फिल एल्व्हरमने वेगळी वाट धरली. द मायक्रोफोन्स या नावाखाली ‘द ग्लो पार्ट 2’ (2001) केल्यावर काही वर्षांतच त्याने नाव बदलून माउंट इअरी केले आणि पुढे स्वतःचेच लेबल चालवले. दोन्ही वाटा योग्यच. अयोग्य वाट एकच, पहिल्या अल्बमची खरखर प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्टने) पुन्हा ओतणे. ती परिस्थितीतून आलेली असते, वरून शिंपडली की लगेच कळते.

कार सीट हेडरेस्टची वाटचाल आपल्या वाचकांसमोर सविस्तर यावी अशी आमची फार इच्छा आहे, कारण तिच्यात हा सगळा प्रवास एकत्र दिसतो. विल टोलेडोने 2010मध्ये व्हर्जिनियात सुरुवात केली. निवांतपणा हवा म्हणून तो गाडीच्या मागच्या सीटवर बसून गळा मुद्रित करायचा, प्रकल्पाचे नाव त्यावरूनच आले. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर त्याने एकामागून एक अल्बम स्वतःच काढले. 2015मध्ये ‘मॅटाडोर’ लेबलने त्याला घेतले आणि ‘टीन्स ऑफ स्टाइल’मध्ये जुनीच गाणी नव्याने मुद्रित होऊन आली. 2016च्या ‘टीन्स ऑफ डिनायल’च्या वेळी मात्र एका गाण्यात ‘द कार्स’ या बँडच्या गाण्याचा अंश होता आणि ऐन प्रकाशनाच्या तोंडावर त्याची परवानगी मिळणार नाही असे कळले. छापून तयार झालेल्या प्रती परत मागवून नष्ट कराव्या लागल्या. टोलेडोने ते गाणे नव्याने रचले, डिजिटल आवृत्ती आधी आली आणि तबकड्या मागाहून. 2018मध्ये त्याने 2011चा ‘ट्विन फँटसी’ बँडसह पुन्हा मुद्रित करून काढला.

या एका कारकिर्दीतून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला तर दोन परवानग्या लागतात : एक मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि दुसरी गीत-संगीताच्या मालकाची. तोच तुकडा स्वतः वाजवून घेतला तर पहिली लागत नाही, दुसरी तरीही लागतेच. परवानगी तोंडी न घेता लेखी घ्यावी आणि तीही तबकड्या छापायला जाण्यापूर्वी. दुसरी गोष्ट जुन्या फायलींची. पुनर्मुद्रण किंवा नवे मिक्स करायची वेळ दहा वर्षांनी येते आणि तोवर अर्धी प्लगइन बंद पडलेली असतात, जुने प्रोजेक्ट उघडतच नाही. अल्बम पूर्ण झाला की प्रत्येक ट्रॅक 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये, सगळ्यांची सुरुवात शून्यापासून, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोरा, असा काढून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावा. सोबत लय आणि पट्टी लिहिलेला साधा मजकूर ठेवावा. बाहेरच्या माणसाकडे मिक्सिंगला पाठवायचेही हेच साहित्य असते. त्यात स्वतःचे कच्चे मिक्स जरूर जोडावे, म्हणजे गाणे कुठे न्यायचे आहे हे त्याला कळते.

रंगमंचाचा प्रश्न वेगळा. डेव्ह ग्रोलने ऑक्टोबर 1994मध्ये सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत आठवडाभरात जो अल्बम केला, त्यात एका गाण्यातली ग्रेग डलीची गिटार सोडली तर सारे काही त्याचेच होते. नाव दिले फू फायटर्स, जणू बँडच आहे. मैफलींसाठी खराखुरा बँड नंतर जमवला. पुढच्या, 1997च्या अल्बमच्या वेळी ड्रमर विल्यम गोल्डस्मिथने वाजवलेले बरेचसे ड्रम ग्रोलने स्वतः पुन्हा वाजवले आणि गोल्डस्मिथ बँडमधून गेला. एकट्याने सगळे करायची सवय माणसे जोडताना अशी आडवी येते. ज्याला बँड उभा करायचा आहे त्याने वादकांना आधीच स्पष्ट सांगावे की ते फक्त मैफलींसाठी आहेत की रेकॉर्डिंगमध्येही, आणि रचनेत त्यांचा वाटा किती. हे कागदावर यावे, गाणे चालायला लागण्याच्या आत.

बारा गिटारींचे गाणे दोन गिटारींवर आणताना ‘सगळ्यात मोठी’ गिटार ठेवू नये. ऐकणारा मनात जी ओळ गुणगुणतो ती ठेवावी, बाकीचा भराव कीबोर्डवर द्यावा. रेकॉर्डिंगमध्ये कुजबुजत्या वरच्या पट्टीत गायलेले गाणे ड्रमच्या गजरात पोचत नाही, म्हणून मैफलीसाठी स्केल अर्धा किंवा एक सूर खाली घ्यायला लाजू नये. ट्रॅक वाजवून त्यावर गायचे असेल आणि इंटरफेसला दोनच आउटपुट असतील तर डावीकडे फक्त क्लिक आणि उजवीकडे संपूर्ण संगीत मोनोत (एकाच वाहिनीत), अशी विभागणी करतात. डावी वायर ड्रमरच्या हेडफोनकडे जाते. ती चुकून मुख्य ध्वनियंत्रणेत गेली तर सभागृहभर टिकटिक ऐकू येते, म्हणून दोन्ही वायरींना वेगळ्या रंगाची टेप लावणे हा आळस न करण्याचा विषय आहे.

मास्टरिंग आणि विनाइलच्या तबकड्यांबद्दल थोडक्यात. स्पॉटिफाय आवाजाची पातळी साधारण उणे 14 लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो याच्या मापाच्या) आसपास आणते, त्यामुळे मिक्स चिरडून मोठे करण्यात काही हाती लागत नाही. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला 18 ते 20 मिनिटांहून जास्त भरले की आवाज हळू करावा लागतो. तबकडीच्या आतल्या कड्यांत ‘स’ आणि झांजा फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे शांत ठेवतात. अल्बमचा क्रम ठरवताना हे माहीत असलेले बरे.

पैशांचे म्हणाल तर स्पॉटिफायवर 2024पासून एखादा ट्रॅक बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकला गेला नाही, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के कापते. सुरुवातीच्या एकांड्या प्रकल्पाचे उत्पन्न म्हणूनच थेट विक्रीतून येते. लेबलशी करार करताना मूळ ध्वनिमुद्रण विकले जात आहे की ठरावीक वर्षांसाठी वापरायला दिले जात आहे, हे वाक्य शोधून वाचावे. अनेक लहान लेबले खर्च वसूल झाल्यावर नफा निम्मा-निम्मा वाटतात. त्या ‘खर्चा’त काय काय धरले जाईल याची यादी करारातच मागावी, कारण प्रसिद्धीचा खर्च मोकळा सोडला तर वसुली कधी संपतच नाही.

आता मागणी. अशा अल्बमचे परीक्षण छापताना त्याखाली चार ओळींची श्रेयनामावली द्यावी : गीत-संगीत कोणाचे, कोणी काय वाजवले, मिक्स आणि मास्टर कोणी केले, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधली श्रेये अनेकदा अपुरी असतात. तबकडीच्या आतल्या कव्हरवर आणि बँडकॅम्पच्या पानाच्या तळाशी ती बहुधा नीट सापडतात. मालकी © आणि ℗ या खुणांपुढच्या नावांवरून कळते, त्यातले ℗पुढचे नाव ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे. ‘करंट्स’पुरती नमुन्याची ओळ आम्हीच लिहून देतो : ‘लेखन, निर्मिती व मिक्सिंग : केव्हिन पार्कर, मास्टरिंग : ग्रेग कॅल्बी.’ हीच ओळ ‘लोनरिझम’खाली छापताना मिक्सिंगपुढे डेव्ह फ्रिडमनचे नाव घालावे लागेल.

कळावे,
आपले,
ध्वनिमुद्रणाच्या कामात असलेले काही वाचक